चोवीस की बेचाळीस?

(आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलायचं राहिलं ते स्मरणिकेसाठी थोडं भर घालून लिहिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. ती दोन वाक्यांत संपते. लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं, मुंबईत नोकरी लागली, मग सहा वर्षं बंगळूर आणि आता पुणे. सकाळी लॅपटॉप उघडते, रात्री मिटते. यात ऐकण्यासारखं काही नाही. म्हणून मी आज दुसरीच्या गणितावर बोलणार आहे. सर, हसू नका. दहावीला तुम्ही मला बीजगणितात पैकीच्या पैकी दिले होते, पण दुसरीत मी वर्गातली सगळ्यात ढ मुलगी होते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार.

सुरुवात मागच्या वर्षीच्या मे महिन्यापासून करते. माझी मुलगी सुटीत आजी-आजोबांकडे आली होती. ती तेरा वर्षांची, शिकते पुण्यात, इंग्रजी माध्यमात. माझ्या बाबांना इन्सुलिन चालू आहे. ते रोज आई भरून देते. त्या दिवशी आई चौलला लग्नाला गेली होती आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसत नव्हत्या. नात म्हणाली, आजोबा मी भरते, किती भरायचं? बाबा म्हणाले, चोवीस.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, ही सिरिंज चाळीसलाच संपते. उरलेलं दोन युनिट परत टोचून देऊ का?"

तिने बेचाळीस भरायला घेतलं होतं. तिचा हिशेब अगदी सरळ होता. 'चो' म्हणजे चार, 'वीस' म्हणजे दोनावर शून्य. आधी चार ऐकू आलं, मग दोन. म्हणून ४२. आपल्याकडे लाल टोपणाची जी एक मिलिची सिरिंज मिळते, तिच्यावर चाळीसच खुणा असतात, म्हणून ती थांबली. बाबांनी रात्री फोनवर हा किस्सा मला हसत हसत सांगितला. मला हसू आलं नाही. कारण मी लगेच दुसरा हिशेब केला. बाबांचा डोस तेवीस असता, तर तिने बत्तीस भरलं असतं आणि सिरिंज काही बोलली नसती.

चूक कुणाची? पोरीची नाही. तिला मराठी आकडे आम्ही कधी शिकवलेच नव्हते. घरात मराठी बोलतो, पण आकडा आला की आपोआप 'ट्वेंटी फोर' तोंडात येतं. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी हेच होतं, हात वर करा. (बरेच हात वर गेले, ही नोंद स्मरणिकेत राहू द्या.)

आता दुसरीकडे येते. आपल्यातले निम्मे जण मराठी शाळेतून पाचवीला इथे आले. मी दुसरीत असताना आम्हाला आकडे सांगून लिहायला लावायचे. 'पस्तीस' म्हटलं की मी ५३ लिहायची. 'त्रेपन्न' म्हटलं की ३५. मला वाटायचं, कानाला जे आधी ऐकू आलं ते आधी लिहायचं. बाकी सगळं तसंच लिहितो ना आपण! 'कमळ' ऐकलं की आधी क येतो. मग आकड्यांनाच काय झालं? हे मला कुणी सांगितलं नाही. हातावर पट्टी मात्र मिळायची. तिसरीत गेल्यावर मी एक युक्ती काढली. आकडा ऐकला की थोडी जागा सोडून उजवीकडचा अंक आधी लिहायचा आणि मग डावीकडे सरकून दुसरा. पाटीवर ते दिसायचं नाही, पण वहीत पेन्सिल उलटी चालताना दिसली की पुन्हा पट्टी.

पाचवीत बाई भेटल्या. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही माझी वही तपासताना मला विचारलंत, "तू उजवीकडून का लिहितेस गं?" मी रडायलाच लागले. तुम्ही दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन आलात. मला वाटलं, आता खराट्याने मार. तुम्ही खराटा सोडला, माडाच्या हिरांचे बोटभर लांबीचे तुकडे केलेत आणि दहा-दहाच्या जुड्या बांधायला लावल्यात. पाच जुड्या आणि तीन सुटे हीर. मग म्हणालात, "त्रे म्हणजे हे सुटे. पन्न म्हणजे या जुड्या. तोंड सुटे आधी मोजतं, हात जुड्या आधी लिहितो. चूक तुझी नाही, बोलायची रीतच तशी आहे." 'चूक तुझी नाही' हे मी गणिताच्या तासाला पहिल्यांदा ऐकलं.

मोठेपणी नोकरीत हीच गोष्ट मला वेगळ्या नावाने भेटली. संगणक मोठी संख्या साठवतो तेव्हा तिचे तुकडे करून ओळीने ठेवतो. काही प्रोसेसर मोठ्या किमतीचा तुकडा आधी ठेवतात, काही लहान किमतीचा. आपल्या लॅपटॉपमधले इंटेलचे प्रोसेसर लहान आधी ठेवतात, इंटरनेटवरून मात्र मोठा आधी पाठवायचा असा नियम आहे. दोन्हीकडे मधे कुणीतरी उलटापालट करत बसलेला असतो. यावरून इंजिनिअर लोकांत इतकी भांडणं झाली की १९८० मध्ये डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर एक लेख लिहिला आणि दोन्ही बाजूंना 'गलिव्हरच्या प्रवासा'तल्या लोकांची नावं दिली. उकडलेलं अंडं मोठ्या टोकाने फोडायचं की लहान, यावरून लढाया करणारे ते लोक. ती नावं आजही चालतात. उलटापालट करायला विसरलं की माहिती कुठल्या कुठे जाते, आणि अशी चूक शोधताना मी अख्ख्या रात्री काढल्या आहेत. पण आपली मराठी या दोन्ही गटांत बसत नाही. पहा: ९३४. नऊशे चौतीस. तोंड म्हणतं नऊ, मग चार, मग तीस. आधी सर्वात मोठं, मग सर्वात लहान, मग मधलं. असा प्रोसेसर कुणी बनवला असता तर त्याला नोकरीवरून काढला असता.

९३४ हा आकडा मी उगाच घेतला नाही. आपण सायकलवरून नागावला जाताना आक्षीला रस्त्याच्या कडेला एक दगड होता, वर चंद्र-सूर्य कोरलेला. आपण त्याला टेकून सायकली लावायचो. तो शिलालेख. मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात. त्यावरचा शक अभ्यासकांनी ९३४ असा वाचला आहे, म्हणजे इसवी सन १०१२. काही जण तो आकडा वेगळा वाचतात आणि लेखाला बराच अलीकडे आणतात. एखादा अंक इकडचा तिकडे वाचला की इतिहास हलतो, असा हा प्रकार. पण मला त्यात मौज वाटते ती वेगळीच. आपल्या किनाऱ्यावर कुणीतरी हजार वर्षांपूर्वी दगडात तीन अंक शेजारी शेजारी कोरले, आणि त्यातल्या पहिल्याची किंमत केवळ तो पहिल्या जागी आहे म्हणून नऊशे झाली. 'नऊशे' असं लिहावं लागलं नाही. रोमन लोकांना हे साधलं नव्हतं. त्यांना नऊशे चौतीस लिहायला सात अक्षरं लागतात.

बोलण्यातली उलटी रीत आली ती संस्कृतातून. एकविंशति, द्वाविंशति. जुन्या ग्रंथांत तर आकडे शब्दांनी सांगायचे आणि सांगताना एकक आधी. चंद्र एक, नेत्रं दोन, वेद चार. 'चंद्र-नेत्र-वेद' म्हटलं की १२४ नाही, ४२१. तिथे निदान शेवटपर्यंत एकच दिशा होती. पुढे झिजून झिजून मराठीत जे आलं ते पोरांच्या वाट्याला आलं. 'दोन' हा एवढासा शब्द. पण बारा, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, ब्याऐंशी. बा, ब, बे, ब्या, सगळे दोनच. सत्तरचं हत्तर होतं, साठचं सष्ट होतं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत पोर एकोणनव्वदपर्यंत पोचतं. 'एक कमी' ही युक्ती त्याला कळते आणि तेवढ्यात येतं नव्व्याण्णव. एकोणशंभर का नाही? माझ्या मुलीने हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभी राहिले त्यावर येते. २०१९ चा जून आठवतोय? बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीसच्या बरोबरीने 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचायची रीत दिली होती. त्र्याण्णव म्हणजे 'नव्वद तीन'. महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. वर्तमानपत्रं, टीव्ही, विधानसभेत कोट्यासुद्धा झाल्या. आणि आपला व्हॉट्सॲप गट तर चार दिवस दुसरं काही बोलतच नव्हता. मराठी बुडवायला निघाले, उद्या पंचाहत्तरीला 'सत्तरपाची' म्हणणार, छप्पन्न भोगाचं काय करणार. यातला 'सत्तरपाची' हा विनोद माझा. त्याला एकतीस अंगठे मिळाले होते. मी तेव्हा मोजले होते.

आपल्यातली एक मैत्रीण मुरुड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने नाव घेऊ नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे घेत नाही, पण तिच्याकडे वळून बघायचं नाही असं काही मी कबूल केलेलं नाही. तिने त्या दिवशी गटावर तीन ओळी लिहिल्या. पुस्तकात जुनी रीत काढलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत. माझ्या वर्गातली मुलं सदुसष्ट ऐकून ७६ लिहितात. तुम्ही एकदा येऊन बघा.

आपण काय केलं? कुणी 'बाई चिडल्या' लिहिलं, कुणी हसरे चेहरे टाकले. मी लिहिलं, 'आम्ही शिकलोच की!' मी लिहिलं. जिने दुसरीत पट्ट्या खाल्ल्या तिने. तिसऱ्या दिवशी ती गटातून बाहेर पडली. आपल्यातल्या बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं होतं, आणि मी फोन केला नाही.

पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. स्वतः गणितज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या, मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिलेल्या. त्या प्रत्येक मुलाखतीत शांतपणे तेच सांगत होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं अडतात, गणिताची धास्ती तिथेच बसते, आणि नवी रीत सक्तीची नाही. दक्षिणेच्या चारही भाषांत दशक आधी बोलतात, हेही त्यांनी सांगितलं. हे मला नवीन नव्हतं. मी सहा वर्षं बंगळूरला रिक्षावाल्याला भाडं विचारत होते. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच, पंचवीस झाले इप्पत्तैदु. दुसऱ्या आठवड्यात मला शंभरपर्यंत कानडी आकडे येत होते. तेव्हा मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. तेच मराठीत कुणी सुचवलं तर मला भाषा बुडाल्यासारखं वाटलं. नारळीकर बाई २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या. आपण लिहिलेलं त्यांनी वाचलं नाही हे बरंच झालं.

जगात हे भांडण फक्त आपलंच नाही. जर्मन लोक आपल्यासारखेच एक-आणि-वीस म्हणतात, आणि तिथे प्राध्यापकांनी मिळून 'वीस-एक' याच अर्थाच्या नावाची एक संस्था काढली आहे, दोन्ही रीती शाळेत शिकवा म्हणणारी. नॉर्वेत तर सरकारनेच बदललं. तिथे टेलिफोनवर नंबर सांगताना उलटापालट व्हायची, चुकीचे फोन लागायचे. टेलिफोनवाल्यांनी तक्रार केली, संसदेत निर्णय झाला आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, रेडिओ, सरकारी कामकाज सगळीकडे दशक आधी. सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी जुनी रीत तिथे बोलण्यातून गेलेली नाही. दोन्ही चालतात. भाषा बुडाली नाही.

सिरिंजच्या प्रसंगानंतर मी मैत्रिणीला फोन केला. पाच वर्षांनी. तिने एवढंच विचारलं, "येतेस का बघायला?" तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार मी पुण्याहून पहाटे निघते, खोपोली-पेण करत सकाळच्या शाळेला तिच्या वर्गात पोचते. पहिल्यांदा मी प्रोजेक्टर घेऊन गेले होते. वीज नव्हती. तिने कोपऱ्यातली पिशवी पुढे केली. पिशवीत हीर होते. बाई, तुमच्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. त्या जुड्या तिनेही बांधल्या होत्या.

तिच्या वर्गात मी एक चूक पाहिली जी मला माहीतच नव्हती. 'एकशे पाच' सांगितलं की मुलं १००५ लिहितात. 'तीनशे सात' झालं ३००७. म्हणजे ऐकलेलं सगळं इमानदारीने उतरवतात. शंभर ऐकलं, शंभर लिहिलं. पाच ऐकलं, पाच लिहिलं. याला ढ म्हणायचं? तिने यावर काढलेला उपाय मला फार आवडला. जुन्या लग्नपत्रिका कापून तिने पट्ट्या केल्या आहेत. शेकड्याची पट्टी लांब, दशकाची तिच्याहून आखूड, एककाची सर्वात लहान. लांब पट्टीवर १०० लिहिलेलं, लहानवर ५. लहान पट्टी लांब पट्टीच्या उजव्या टोकाशी नेऊन वर ठेवायची. शेवटचं शून्य झाकलं जातं, दिसतं १०५. पट्टी उचलली की खाली शून्य आहेच. एक मुलगा, पुढच्या बाकावरचा, पट्टी किमान वीस वेळा ठेवत-उचलत होता. मग म्हणाला, "बाई, पाच शून्याच्या जागेवर बसला. मधलं शून्य कुणाची वाट बघतंय?" मधलं शून्य कुणाची वाट बघतंय! स्थानिक किमतीची यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. मैत्रिणीने त्याला वीसची पट्टी दिली. त्याने ती मधे घातली. १२५.

तोच मुलगा पुढच्या महिन्यात म्हणाला, जुड्या दहाच्याच का? त्याची आजी बाजारात मासळी विकते आणि ती विसाने मोजते. तीन ईसा आणि सात. हे ऐकून मला माझी आजी आठवली. पाच ईसा म्हणजे शंभर, याच्यापुढे तिला मोजायची गरज पडली नाही. मी मुलांना सांगितलं की फ्रान्सचे लोक अजून ऐंशीला 'चार ईसा' म्हणतात आणि नव्वदला 'चार ईसा दहा'. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. त्या मुलाचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. फ्रान्सचे लोक त्याच्या आजीसारखं मोजतात.

मग आम्ही वेगवेगळ्या जुड्या केल्या. पाचाच्या, विसाच्या आणि शेवटी दोनाच्या. दोनाची जुडी हे माझं खातं. चार मुलं ओळीत उभी केली, त्यांच्या हातात ८, ४, २, १ असे कागद. मी आकडा सांगायचा, त्यांनी आपापसांत ठरवायचं कुणी उभं राहायचं आणि कुणी बसायचं. तेरा म्हटलं की आठ, चार आणि एक उभे, दोन खाली. उभ्याला १, बसलेल्याला ० लिहा म्हटलं: ११०१. हे संगणकाचे तेरा. एका मुलीने फळ्यावर १० लिहून मला विचारलं, "हे किती?" मी म्हटलं, दहा. ती म्हणाली, "दोन! आपण दोनाच्या जुड्या खेळतोय ना?" तेवीस वर्षं या धंद्यात असलेली बाई दुसरीच्या पोरीने पाडली.

माझ्या मुलीलाही मी आता सोबत नेते. तिला मराठी आकडे आले आहेत, पण सरळ रस्त्याने नाही. 'चोवीस' ऐकलं की ती मनात 'वीस चार' म्हणते आणि मग लिहिते. म्हणजे पुस्तकातली ती थट्टेची रीत. माझ्या घरात तरी तिने मराठी बुडवली नाही, उलट परत आणली. आता ती आजोबांशी बोलताना बिनचूक 'एकोणसत्तर' म्हणते आणि आम्ही दोघी मनात साठ नऊ म्हणून घेतो. मला विचाराल तर माझं मत आजही पूर्ण एका बाजूला नाही. 'पन्नास सहा भोग' माझ्या तोंडून निघणार नाही. पाढे म्हणताना 'सात चोक अठ्ठावीस' याला जो ठेका आहे तो 'वीस आठ'ला येत नाही, हेही खरं. पण ठेका आपल्याला आपोआप आला नव्हता. तो आपल्या घरात होता. ज्या मुलाच्या घरात तो नाही, घरची बोली वेगळी आहे किंवा घरी आकडे इंग्रजीत आहेत, त्याने काय करायचं, हे मला २०१९ मध्ये सुचलं नाही.

मधे एक गंमत. बाबांच्या माळ्यावर आजोबांची नारळ-सुपारीची जुनी वही सापडली. त्यात '३॥' असं लिहिलेलं. मुलीने वाचलं, तीनशे अकरा! तीनशे अकरा मण सुपारी पिकली असती तर आजोबांनी अर्धं श्रीवर्धन विकत घेतलं असतं. ते साडेतीन. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तीनच रेघा, कारण चौथी आली की पुढच्या घरात एक वाढतो. ही चाराची जुडीच झाली. आपल्या वर्गातल्या किती जणांना हे वाचता येईल? मला येत नव्हतं, बाबांनी शिकवलं. आणि त्यांना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, कारण भरती काढायला ती लागते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. मग दुपारी कुलाबा किल्ल्यात चालत जायचं. घड्याळ आपल्या हातात होतं, पण हिशेब त्यांच्या.

सर, वेळ झाली असं तुम्ही खुणावताय. दोन गोष्टी सांगून बसते.

पहिली, 'आम्ही शिकलोच की' हे वाक्य मी परत घेते. ते खोटं होतं. मी शिकले नव्हते, मला बाईंनी खराटा सोडून शिकवलं होतं. आणि जिने ते इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलं तिच्यावर मी विनोद केला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मैत्रिणी, माझं चुकलं. हे फोनवरही म्हटलं होतं, पण गटावर सगळ्यांसमोर लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर परत घेते.

दुसरी, तिला गटात परत घ्यायची विनंती मी काल केली. ती म्हणाली, गटाचं नंतर बघू, आधी लग्नपत्रिका आणा. दोन वर्गांना पुरतील इतक्या पट्ट्या तिला करायच्या आहेत आणि हल्ली लोक पत्रिका मोबाईलवरच पाठवतात, त्यामुळे जाड कागद मिळत नाही. तुमच्या सगळ्यांच्या कपाटात गेल्या दहा वर्षांच्या पडल्या असतील. जेवणानंतर दाराशी खोकं ठेवलं आहे. ज्यांनी आज आणल्या नाहीत त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत माझ्या आईकडे पोचवा. गणपतीचं चित्र असलेला भाग कापून ठेवला तरी चालेल, आतला कोरा भाग तेवढा हवा आहे.